पुढचं कॅम्पेन कुठल्या खेळाचं? गटासाठी रोलप्लेइंग गेम सुचवताना

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या गटात एकच विषय निघतो. मागचं कॅम्पेन, म्हणजे तीच पात्रं घेऊन आठवडेच्या आठवडे चालणारा खेळ, संपलेलं असतं, फासे डब्यात गेलेले असतात आणि कुणीतरी विचारतं, 'आता पुढे काय खेळूया?' जून ते चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, हा आमचा खेळण्याचा हंगाम. संध्याकाळी बाहेर पडायची सोय नसते, आणि गटातले दोघे हॉटेलात नोकरीला आहेत, त्यांना पर्यटकांची गर्दी ओसरल्यावर याच दिवसांत रजा मिळते.

तीन पावसाळ्यांपूर्वी हा प्रश्न माझ्याकडे आला तेव्हा मी फार घाई केली. मला भयकथा आवडतात, म्हणून लगेच 'कॉल ऑफ क्थुल्हू' सुचवला. खेळ उत्तमच आहे. पण गटाने त्याआधी वर्षभर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळून एक गढी जिंकली होती, दर महिन्याला त्यांची पात्रं बळकट होत गेली होती, आणि त्यांना तीच चव पुन्हा हवी होती. माझ्या खेळात तिसऱ्याच बैठकीला एकाच्या पात्राला वेड लागलं, दुसऱ्याचं इस्पितळात पडलं. चौथ्या बैठकीची तारीख कुणालाच जमेना. मी माझ्या कपाटाकडे बघून खेळ निवडला होता, टेबलाभोवतीच्या माणसांकडे बघून नव्हे. तेव्हापासून मी ज्या क्रमाने जातो तो क्रम इथे देतो. पहिल्यांदाच गट जमवत असाल तरी तो कामाला येईल.

हा खेळ म्हणजे काय

पेडण्याकडचा दशावतार पाहिलेल्या माणसाला हे समजवायला मला दोन मिनिटं पुरतात. दशावतारात छापील संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, आणि संवाद तिथल्या तिथे सुचतात. टेबलावरच्या रोलप्लेइंग गेममध्येही तसंच. चार-पाच जणांपैकी एक सूत्रधार होतो. खेळणारे त्याला जीएम (गेम मास्टर) म्हणतात, 'डी अँड डी', म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'वाले, डीएम (डन्जन मास्टर). तो जग उभं करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते काय करतं, काय बोलतं हे सांगतात. फरक दोनच. इथे आख्यानाचा शेवट सूत्रधारालाही माहीत नसतो, आणि जिथे काम फत्ते होण्याची आणि फसण्याची दोन्ही शक्यता असते तिथे फासे टाकून निर्णय होतो. एका संध्याकाळी संपतो तो वन-शॉट. तीच पात्रं घेऊन आठवडेच्या आठवडे चालतं ते कॅम्पेन.

पायरी पहिली: खेळाचं नाव न काढता माणसांना विचारा

'तुला कुठला खेळ आवडेल?' असं नव्या माणसाला विचारून उपयोग नाही, कारण त्याला खेळांची नावंच ठाऊक नसतात. त्याऐवजी विचारा, 'मागच्या कॅम्पेनमधला कुठला प्रसंग तू घरी जाऊन सांगितलास?' कधीच न खेळलेल्याला विचारा, 'नाटकातला कुठला प्रवेश तुला पुन्हा बघावासा वाटतो?' उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. तुमच्या शब्दांत लिहिलंत की त्यात तुमची आवड मिसळते.

गेल्या वर्षी माझ्या वहीत अशी उत्तरं आली. एकीने सांगितलं, 'पुलावर मी एकटीने राक्षसाला अडवलं तो प्रसंग.' दुसरा म्हणाला, 'सावकाराला खोटा कागद दाखवून गंडवलं तो.' तिसरी म्हणाली, 'दोन भाऊ भांडून वेगळे झाले तेव्हा मला खरंच रडू आलं.' चौथ्याचं उत्तर, 'नकाशाचा शेवटचा कोपरा भरला तो दिवस.' एकीला डावपेचांची लढाई हवी, दुसऱ्याला चलाखी, तिसरीला नाती, चौथ्याला शोध. चारही भुका सारख्याच भागवणारा खेळ मला अजून भेटलेला नाही. दोन-तीन उत्तरं जिथे जवळ येतात ती जागा शोधायची. आमच्याकडे चलाखी आणि नाती जवळ आली.

मग दुसरा प्रश्न: 'कंटाळा कधी आला?' माझ्या अनुभवात हा पहिल्यापेक्षाही उपयोगी आहे, कारण आवडी वेगळ्या असल्या तरी कंटाळा बऱ्याचदा सगळ्यांना एकाच वेळी येतो. तिघांनी 'एकेक लढाई दीड तास चालायची' असं सांगितलं, तर अर्धी यादी तिथेच गाळता येते.

पायरी दुसरी: दिवस, तास आणि भाषा मोजा

कॅलेंडर समोर ठेवा. गोव्यात दिवाळीनंतर जत्रा आणि काले सुरू झाले की गावातल्या नाटकांच्या तालमी लागतात. तुमच्या गटात एखादा नट किंवा पेटीवाला असला तर त्याच्या संध्याकाळी गेल्याच म्हणून समजा. हॉटेल आणि टॅक्सीच्या धंद्यातली माणसं ऑक्टोबरपासून पुढे अडकतात. म्हणून 'वर्षभर दर रविवारी' असं ठरवू नका. जूनपासून चवथीपर्यंत आठ ते दहा बैठका, प्रत्येक तीन तासांची, एवढंच कबूल करून घ्या, आणि त्यात संपेल असं कॅम्पेन निवडा. सूत्रधार धरून पाच माणसं ही चांगली संख्या. त्यांतले तिघे खेळाडू आले तरी बैठक होणार, हे आधीच ठरवून टाका. एकासाठी सगळे थांबायला लागले की खेळ हळूहळू बंद पडतो.

भाषेचा विचार आमच्याकडे वेगळा करावा लागतो. पुस्तकं जवळजवळ सगळी इंग्रजी. आमच्या टेबलावर नियमांची चर्चा कोंकणीत होते आणि पात्रं मात्र मराठीत बोलतात, कारण देवळापुढच्या नाटकांमुळे रंगमंचावरची भाषा आमच्या कानांत मराठीच बसलेली आहे. गटात इंग्रजी वाचायचा कंटाळा असणारं कुणी असेल, तर तीनशे पानी पुस्तकाचा खेळ त्याला दर बैठकीत शेजाऱ्याकडे बघायला लावतो. अशा वेळी एका पानावर मावणारं पात्रपत्रक असलेला खेळ घ्या आणि ते पान मराठीत लिहून काढा. ताकद, चपळाई, जिगर. तासाभराचं काम आहे, पण त्याने गप्प बसणारा माणूस बोलायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि सूत्रधार कोण, हे इथेच विचारून घ्या. तयारीचा सगळा भार त्याच्यावर पडतो, म्हणून त्याला नको असलेला खेळ बाकी चौघांना हवा असला तरी सुचवू नये.

पायरी तिसरी: अर्ध्या तासात नियमपुस्तक ओळखायचं कसं

पूर्ण वाचू नका. तीन जागा बघा.

पहिली जागा पात्रपत्रक. त्यावर शस्त्रं, चिलखत आणि मंत्रांना जास्त जागा असेल तर तुमच्या संध्याकाळी लढाईत जाणार. 'तुझा विश्वास कुणावर आहे', 'तू कुणाचं देणं लागतोस' असे रकाने असतील तर माणसांमाणसांतल्या प्रसंगांत जाणार.

दुसरी जागा, बक्षीस कशाचं मिळतं. खेळाडू तेच पुन्हा पुन्हा करतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलेल्या पहिल्या 'डी अँड डी'त लुटून आणलेल्या सोन्याचे अनुभवगुण (ज्यांनी पात्र बळकट होतं) मिळत, त्यामुळे शहाणे खेळाडू राक्षसाला टाळून पेटी पळवत. 'डन्जन वर्ल्ड'मध्ये फासा फसला की गुण मिळतो, म्हणून लोक धोका पत्करतात. 'कॉल ऑफ क्थुल्हू'त पातळ्याच (पात्र बळकट होत चढतं त्या पायऱ्या) नाहीत. जे कौशल्य वापरून यश मिळालं त्यावर खूण करायची आणि नंतर ते थोडं वाढतं का ते फाशाने बघायचं.

तिसरी जागा फाशांची. वीस बाजूंच्या एका फाशात प्रत्येक आकडा पाच टक्के वेळा पडतो, त्यामुळे निपुण माणूसही सपशेल आपटतो आणि अडाणी जिंकून जातो. टेबलावर आरडाओरडा होतो, मजा येते. दोन साधे फासे मिळवले तर मधले आकडे जास्त पडतात. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० च्या खेळातून आलेल्या घराण्यात दोन फाशांची बेरीज दहा किंवा वर गेली तर पूर्ण यश, सात ते नऊ असेल तर यश मिळतं पण काहीतरी मोजावं लागतं. नुसत्या फाशांवर ३६ पैकी १५ वेळा हे अर्धवट यश येतं. म्हणजे गोष्टीला सतत नवे फाटे फुटतात आणि सूत्रधाराला ते जागच्या जागी सुचावे लागतात. ज्याला ऐनवेळी सुचत नाही त्याच्यावर हे घराणं लादू नका.

पायरी चौथी: कुणाला काय सुचवावं

पुलावर राक्षसाला अडवणाऱ्या मैत्रिणीसारखी माणसं जास्त असतील तर सरळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. पाचवी आवृत्ती २०१४ ची, तिची सुधारलेली पुस्तकं २०२४ ची. नियमांचा मोठा गाभा २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे सुरुवातीला पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. पातळ्या वीस आहेत, पण एका पावसाळ्यात पहिलीपासून पाचवीपर्यंत गेलात तरी पोट भरतं. मात्र या खेळात खुनाचा तपास किंवा दरबारी कारस्थान बसवायचा हट्ट धरू नका. मी धरला होता. लढाईसाठी बनलेली पात्रं तीन बैठका नुसते प्रश्न विचारत फिरली आणि त्यांच्या पत्रकावरचं काहीच उपयोगी पडलं नाही.

डावपेच आणखी बारीक हवे असतील तर 'पाथफाइंडर'ची २०१९ ची दुसरी आवृत्ती. प्रत्येक पाळीला तीन कृती, त्या कशा खर्चायच्या हे तुमच्यावर. नियम सगळे 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या संकेतस्थळावर फुकट आणि कायदेशीर वाचायला मिळतात. बुद्धिबळ आवडणाऱ्यांना चालेल. पहिल्यांदा खेळणाऱ्यांच्या गटाला मी सुचवत नाही.

'कॉल ऑफ क्थुल्हू' सँडी पीटरसन यांचा, १९८१ चा. माझा तो डाव फसला, तरी योग्य गटासाठी याच्या तोडीचा दुसरा खेळ नाही. नियम शिकवायला दहा मिनिटं लागतात: तुमचं कौशल्य ५० टक्के, तर शंभराच्या फाशात ५० किंवा कमी आलं पाहिजे. अवघड कामाला निम्मं, म्हणजे २५. नवख्या माणसाला यापेक्षा सोपं काय सांगणार? सुरुवातीचे नियम एका तयार प्रकरणासकट फुकट मिळतात. मूळ खेळ बहुतेक वेळा १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत घडतो, पण तो आपल्याकडे आणला की टेबलाचा रंगच बदलतो. त्या काळची पणजी कागदोपत्री नोव्हा गोवा. १८४२ पासून चालत आलेली वैद्यकीय शाळा, १९०० साली निघालेलं पोर्तुगीज दैनिक 'ओ हेराल्डो', मुरगावहून दूधसागरच्या अंगाने कॅसल रॉकपर्यंत चढणारी रेल्वे. एक डॉक्टर, एक बातमीदार, एक रेल्वेतला कारकून आणि वाड्यावरून आलेलं एक पत्र. खेळाडूंना ही गल्ली, हा घाट माहीत असतो, म्हणून अंधार लवकर दाटतो. फक्त आधी स्पष्ट सांगा की इथे पात्रं फारशी बळकट होत नाहीत, झिजत जातात. ज्याला ते मान्य त्यालाच बोलवा.

सावकाराला गंडवणाऱ्यांसाठी जॉन हार्पर यांचा २०१७ चा 'ब्लेड्स इन द डार्क'. भुतांनी भरलेल्या एका शहरात तुमची टोळी एकेक डाव टाकते. याची खुबी अशी की बेत आखण्यात संध्याकाळ जात नाही. डाव सुरू होतो, अडचण आली की खेळाडू म्हणतो, 'मी काल रात्रीच पहारेकऱ्याला पैसे देऊन ठेवले होते', आणि ताणाचे थोडे गुण मोजून तो प्रसंग मागे जाऊन खेळता येतो. साधे सहा बाजूंचे फासे टाकायचे, सगळ्यांत मोठा आकडा बघायचा. सहा असेल तर पूर्ण यश, चार-पाचला यश पण किंमत चुकवून, तीनपर्यंत फसलं. एक फासा असेल तर निम्म्या वेळा फसतं, दोन असतील तर चारातून एकदाच. चलाखी आणि नाती जवळ आली होती म्हणून आम्ही गेल्या पावसाळ्यात हाच घेतला. टोळी हीच स्वतःचं पत्रक असलेलं एक पात्र आहे, त्यामुळे एखादा आला नाही तर तो 'दुसऱ्या कामावर' गेला असं म्हणून भागतं. शिफ्टची नोकरी करणाऱ्यांच्या गटाला याचा फार आधार होतो.

नकाशा भरणाऱ्यासाठी, आणि इंग्रजीचं ओझं नको असणाऱ्यांसाठी, योखाई गाल यांचा 'केर्न'. तीन गुण, दहा खणांची झोळी, जंगल. हल्ला लागला का हे बघायला फासा टाकतच नाहीत, थेट इजा किती ते बघतात, त्यामुळे लढाई पाच मिनिटांत संपते आणि माणसं लढायच्या आधी विचार करायला लागतात. खेळ फुकट आहे, आणि परवाना तोच ठेवला तर भाषांतर करून वाटायचीही मोकळीक आहे. सत्तरीच्या रानासारखं रान समोर ठेवून मी तो पोरांना खेळवलाय. दहावीतली मुलं वीस मिनिटांत तयार होतात.

सूत्रधार व्हायला कुणीच तयार नसेल तर 'आयर्नस्वॉर्न' बघा. तो एकट्याने किंवा दोघा-तिघांनी सूत्रधाराविना खेळता येतो, आणि तोही फुकट आहे.

एक आडवाट मात्र जरूर घ्या. एव्हरी आल्डर यांचा 'द क्वाएट इयर' हा २०१३ चा खेळ पत्त्यांच्या कॅटवर चालतो. प्रत्येक पत्ता म्हणजे एक आठवडा, आणि सगळे मिळून एका वस्तीचा नकाशा काढत जातात. कॅम्पेनच्या आधी एक संध्याकाळ हा खेळलात तर मोठ्या खेळाचं गाव आयतं तयार होतं. आमच्या कागदावर खाजन (खाडीकाठचं बांध घातलेलं) शेत, फुटका बांध, मानशीवरचा (बांधातल्या पाणी सोडायच्या दारावरचा) तंटा, खाणीचा पाण्याने भरलेला खड्डा आणि देवराई उमटली. सूत्रधाराने एकट्याने बसून लिहिलं असतं तर त्याच्याकडून एवढं झालं नसतं, कारण मानशीवरून कोण कोणाशी भांडतं हे गटातल्या एकीलाच घरच्या अनुभवातून ठाऊक होतं.

पायरी पाचवी: सुचवायचं कसं

दोन नावं सांगा, फार तर तीन. सात नावं दिलीत की कुणी ठरवत नाही. प्रत्येक नावाबरोबर नियम समजवू नका, एक संध्याकाळ कशी जाईल ते सांगा: 'यात आपण दर आठवड्याला एक चोरी करू, शेवटी पैसे वाटताना भांडू, आणि पोलीस हळूहळू जवळ येत जातील.' मग त्याची उणी बाजूही मोकळेपणाने सांगा. वीस बाजूंचे रंगीत फासे यात नाहीत, पात्रं पातळ्या चढत नाहीत, सूत्रधाराला ऐनवेळी सुचायला हवं. उणी बाजू ऐकूनही ज्याचे डोळे चमकतात त्याचं मत मोठं धरा.

मग वन-शॉट. कॅम्पेन जाहीर करायच्या आधी निवडलेला खेळ एका संध्याकाळपुरता तयार पात्रं देऊन खेळून बघा. फासे नसले तर फोनवर मिळतात. यातून खेळ कळतोच, शिवाय सूत्रधाराला तो झेपतो का हेही कळतं.

पायरी सहावी: सेशन झिरो

वन-शॉट जमला की खेळ न खेळता एक बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवा. पात्रं एकत्र बसून बनवा, एकमेकांशी नातं जोडा. आणि कुठल्या गोष्टी टेबलावर नकोत ते विचारा. रेघ म्हणजे जिथे खेळ जाणारच नाही. पडदा म्हणजे गोष्ट घडते, पण रंगमंचावर दाखवत नाही, आपण पुढच्या प्रवेशाला जातो. शिवाय एक कोरा कार्ड घेऊन त्यावर फुली काढा. खेळताना कुणालाही काही सहन होईनासं झालं तर त्याने कार्डाला हात लावायचा आणि तो प्रसंग तिथेच सोडायचा. कारण विचारायचं नाही.

गोव्यात हे जास्त जपावं लागतं. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज काळातलं चर्चचं धर्मन्यायालय, मधली काही वर्षं सोडली तर १५६० ते १८१२ पर्यंत चाललं, आणि त्याच्या कथा आजही काही घरांत हळू आवाजात सांगितल्या जातात. टेबलावर हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही मित्र असतील तर तो काळ विचारल्याशिवाय आणू नका. देवचार आणि राखणदाराचंही (गाव, रान राखतात अशी ज्यांच्यावर श्रद्धा आहे त्यांचंही) तसंच. ज्याच्या घरून दर वर्षी राखणदाराला मान दिला जातो, त्याच्या समोर त्यालाच राक्षस म्हणून उभा करून मारायला लावणं त्याला दुखवू शकतं. आमच्या गटातल्या एकाने सेशन झिरोला हे शांतपणे सांगितलं. आम्ही राखणदार ठेवला, पण ज्याच्याशी बोलायचं, ज्याला वचन द्यायचं आणि ज्याचं वचन मोडलं तर परिणाम भोगायचे, असा ठेवला. अख्ख्या कॅम्पेनमध्ये सगळे सावरून बसायचे ते तोच बोलायला लागला की.

चौथ्या बैठकीनंतर वीस मिनिटं राखून ठेवा, चहा आणि भजी मागवा, आणि वही काढून पहिले दोन प्रश्न पुन्हा विचारा: घरी जाऊन काय सांगितलंस, आणि कंटाळा कधी आला? उत्तरं बदललेली असतात. पुलावर राक्षसाला अडवणारी आमची मैत्रीण या खेपेला म्हणाली, 'पैसे वाटताना मी माझा हिस्सा सोडला तो प्रसंग.' ते मी पुढच्या जूनसाठी लिहून ठेवलंय.